विहिरीतली धाव

परवा फोनवर धाकटीने सांगितलं, नडगी दुखावली आहे, धावणं बंद, आणि आता कमरेला निळा पट्टा बांधून तलावाच्या खोल पाण्यात उभ्याने धावायचं. वर म्हणाली, "आजी, तुला नाही कळायचं. ही नवीन पद्धत आहे." फोनवर सांगत बसले असते तर तुमच्याकडची सकाळ आणि माझ्याकडची संध्याकाळ दोन्ही संपल्या असत्या. म्हणून लिहिते.

ही नवीन पद्धत तुमच्या आईने डोंबिवलीबाहेरच्या एका विहिरीत केलेली आहे, अंगाला तेलाचे रिकामे डबे बांधून. ती तुम्हाला हे सांगणार नाही, कारण त्या दिवसांत तिच्या पायापेक्षा घरातल्या गोष्टींनी तिला जास्त छळलं. पुढे मी तिला 'लेक' म्हणणार आहे आणि तुमच्या पणजीला 'सासूबाई', नाही तर आई, आजी, पणजी यांचा गुंता होईल.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. तुमचे आजोबा ठाण्याला कारखान्यात होते. सासूबाई कोकणातलं घर बंद करून आमच्याकडे आल्या होत्या. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि लांब पल्ल्याच्या शर्यती धावत होती. सकाळी शीळ फाट्याच्या दिशेने डांबरी रस्त्यावर तिचा सराव चाले. कॉलेजचे सर सायकलवरून मागे असायचे.

ठाण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी व्हायची होती. तिच्या वयोगटातली ती तिची शेवटची संधी होती. आणि तुमच्या आजोबांनी जेवताना, आवाज न चढवता सांगून टाकलं होतं, "या वर्षी संघात आली तर पुढचं पुढे बघू. नाही आली तर बूट माळ्यावर टाकायचे." ते वाईट नव्हते. स्थळं यायला लागली होती आणि एका ठिकाणाहून विचारणा झाली होती की मुलगी अर्ध्या चड्डीवर रस्त्याने धावते म्हणतात ते खरं का. लेकीने फक्त आमटी वाढून घेतली. पण त्या दिवसापासून तिचा सराव वाढला, आणि पाय दुखायला लागला तेव्हा तिने तो लपवला.

लपवलेलं दुखणं आधी सासूबाईंना दिसलं. त्यांनी कोमट तेल घेतलं आणि अंगठ्यांनी नडगी रगडायला सुरुवात केली. लेक ओरडली. "ओरडतेस काय? साकळलेलं रक्त आहे, मोकळं होतंय," असं म्हणत त्या रोज रगडत राहिल्या. पाय जास्तच दुखायला लागला. शेवटी मी तिला ठाण्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. डाव्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती.

"धावणं बंद. उड्या बंद. आणि तेल लावणारं जे कोणी आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि तेही बंद."

"चाचणीपर्यंत बरं होईल?" लेकीने विचारलं.

"हाड भरेल बहुतेक. आता पुन्हा धावलीस तर मात्र आरपार जाईल. मग प्लास्टर, आणि मग शर्यती विसरायच्या."

"पण तोवर न धावता बसले तर दम जाईल. मग हाड भरून काय उपयोग?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "सुट्टी हाडाला द्यायची, छातीला नाही. बसून सायकल मार. खोल पाण्यात धाव, तळाला पाय न टेकता. बाहेरदेशी शर्यतीचे घोडे असे सांभाळतात."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि देवासमोर निरांजन लावलं. त्या मनातल्या मनात कधीच मागत नसत. देवाला ऐकू जायला हवं आणि घरालाही. हात जोडून त्या मोठ्याने म्हणाल्या, "गजानना, माझ्या नातीचा पाय धड कर. येत्या अंगारकीला ती घरापासून तुझ्या टिटवाळ्याच्या पायरीपर्यंत अनवाणी चालत येईल."

अंगारकी म्हणजे मंगळवारी येणारी संकष्टी. डोंबिवली-कल्याणकडची माणसं त्या दिवशी चालत टिटवाळ्याला जातात, अजूनही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अंगारकी चाचणीच्या अगदी आदल्या आठवड्यात होती.

"अहो आई, त्याच पायाने?" मी म्हटलं.

"मग काय तुझ्या पायाने? ज्याचा पाय त्याचा नवस."

त्या वेळी मी वाद वाढवला नाही. अंगारकी लांब होती आणि आधी चीर भरायला हवी होती.

सायकल घरातच होती, आजोबांची काळी. ती गॅलरीत मागच्या स्टँडवर चढवली. पण चाक हवेत नुसतं भिरभिरायचं, पायाला काही कामच नाही. मग मी मागच्या ब्रेकची मूठ सुतळीने थोडी आवळून बांधली, म्हणजे रबर चाकाला घासत राहील. लेक त्या सायकलवर बसून घाम गाळायची. मी हातात घड्याळ घेऊन सांगायचे, आता जोरात, आता सावकाश. जळक्या रबराचा वास गॅलरीभर पसरायचा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात गाठलं.

"काय हो, पिठाची गिरणी काढलीत की काय?"

"लेकीचा व्यायाम आहे."

"सांगायचं तरी! मी गहू निवडून ठेवले होते."

पाण्याचं अवघड होतं. तरणतलावात बायकांची वेळ ठरलेली, ती माझ्या शाळेच्या वेळेत, आणि लेकीला पोहता येत नव्हतं. पण मला येत होतं. माझ्या माहेरी आम्ही सगळी भावंडं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं घर डोंबिवलीच्या कडेच्या आगरी गावात होतं. त्यांच्या मळ्यात पायऱ्यांची, भरपूर पाण्याची विहीर होती. तिच्या आईने, विहिरीच्या मालकिणीने, लगेच हो म्हटलं.

भोपळा मिळाला नाही. मी तेलाचा लहान डबा झाळून बंद करून घेतला आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने लेकीच्या पाठीला बांधला. पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरली आणि डब्याने तिला पाठीकडून वर उचलून तोंडावर पाडलं. पोहायला शिकायचं तर तसंच हवं असतं, माणूस आडवा होतो. आम्हाला ती उभी हवी होती. दुसऱ्या दिवशी मी एक डबा पुढे आणि एक मागे बांधला. मग ती गळ्यापर्यंत पाण्यात सरळ उभी राहिली, पाय अधांतरी, आणि धावायला लागली.

ते दिसायला फार विचित्र होतं. जमिनीवर माणूस धावतो तेव्हा कुठेतरी जातो. ही जागच्या जागी गुडघे उचलत होती, हात मागेपुढे ओढत होती, पाणी घुसळत होती आणि हातभरही पुढे सरकत नव्हती. काठावर गावातली पोरं जमली. मालकीण कपडे धुणं सोडून बघत राहिली.

"आगो मास्तरीनबाय, तुजी पोर पान्यान उभी र्‍हाऊन धावतंय कला?"

"पाय मोडू नये म्हणून."

"पाय मोरू नये म्हनून मानसा घरान बसतान गो!"

पोरं हसली. लेकही हसली आणि तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. मी वरून ओरडले, "हसू नकोस! गुडघा वर! पाठ सरळ!" पाण्यातून चढताना पायऱ्यांवर तिचा डावा पाय पडला की मी हात पुढे करायचे. एकदा शेवाळावरून ती घसरली आणि मी तिला दंडाला धरून अशी खेचली की दंडावर माझी बोटं उठली. पायाला काही झालं नव्हतं. दोघी पायरीवर बसून राहिलो. ती म्हणाली, "आई, तू मला घाबरवतेस." मी म्हटलं, "आणि तू मला."

असं चालू राहिलं. सकाळी गॅलरी, शाळा सुटल्यावर विहीर. सर मधूनमधून येऊन तिची नाडी बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. चीर भरत आली होती. आधी चालायची परवानगी मिळाली, मग गवतावर थोडं हळू धावायची. "फक्त गवतावर," त्यांनी बजावलं. "डांबरावर नाही, आणि एकदम लांब अजिबात नाही."

मी विचारलं, "टिटवाळ्यापर्यंत चालत?"

"कुठून?"

"डोंबिवलीहून. अनवाणी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात ना?"

घरात मात्र पाय बरा झाल्याची बातमी सासूबाईंनी आपल्या पद्धतीने घेतली. त्यांनी पेढे आणले. "त्याने आपलं केलं. आता आपण आपलं करायचं. मंगळवारी पहाटे निघायचं."

"चाचणी झाल्यावर जाऊ," मी म्हटलं.

"अंगारकी बोललेय मी. अंगारकी काय दर आठवड्याला येते? पुढची येईल तेव्हा सहा महिने सरतील."

"मी चालते तिच्याऐवजी. अनवाणी."

"तुझ्यासाठी मी काही मागितलं होतं का?"

आजोबांनी पेपर वर केला. "तुम्ही दोघी काय ते ठरवा."

मला वाटलं होतं लेक माझ्या बाजूने उभी राहील. ती म्हणाली, "आई, मी जाते चालत."

मी तिला गॅलरीत नेलं. दार लोटलं. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण मी नाही गेले आणि शर्यतीत पाय दुखला तर? प्रत्येक पावलाला मला तेच वाटेल, की फेडलं नाही म्हणून. तशी मी धावूच शकणार नाही, आई."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती शांतपणे, विचार करून बोलत होती आणि म्हणून मला जास्त भीती वाटली. नवसावर माझा विश्वास नव्हता. पण तो तिच्या पायात शिरून बसला होता, आणि तो कुठल्या फोटोत दिसणार नव्हता. चालली तर हाड जाईल, नाही चालली तर धीर जाईल. आणि दोन्ही वाटांनी बूट माळ्यावरच.

मला एकच सुचलं. रविवारी मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही विहिरीवर कधी आलाच नाहीत. एकदा बघा तरी ती काय करते."

"त्यात काय बघायचं? पाण्यात डुंबते."

"बघून मग बोला."

त्या रिक्षाने आल्या. मालकिणीने त्यांना बसायला पाट दिला. लेकीने डबे बांधले आणि उतरली. त्या दिवशी सरांनी जोराचा व्यायाम दिला होता. थोडा वेळ सगळी ताकद लावायची, थोडा वेळ सावकाश, पुन्हा सगळी ताकद. सासूबाई आधी डब्यांकडे बघून हसल्या. मग हसणं थांबलं. विहिरीत आवाज घुमतो. लेकीचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता, भाता ओढावा तसा. तिचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या, ओठ निळसर पडले आणि ती होती तिथेच होती.

"पुरे आता," सासूबाई म्हणाल्या.

"अजून बाकी आहे."

"अगं, मरेल ती. कुठे पोचायचंय तिला?"

"ठाण्याला," मी म्हटलं.

लेक वर आली तेव्हा तिचे पाय थरथरत होते. सासूबाईंनी आपल्या पदराने तिचे पाय पुसले, डावा आधी. तळवे पांढरे पडून सुरकुतले होते. त्यांनी अंगठा नडगीवर नेला, पण दाबला नाही.

"रोज असं?"

"रोज, आजी."

"मी नवस बोलले तेव्हापासून?"

"त्याच आठवड्यापासून."

परतताना रिक्षात मी धास्तावून बसले होते. बघून त्या अधिकच हट्टाला पेटतील, म्हणतील एवढं करते तर थोडं चालणं काय जड. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, लाल कापडाच्या तुकड्यात एक सुपारी बांधली आणि ती देवापुढे ठेवली. मग नेहमीप्रमाणे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गजानना, ती चालत येईल असं बोलले मी. ती तुझ्याकडे येईल, पण या अंगारकीला नाही, पुढच्या. उशिराचा दोष तिच्या पायावर नाही, माझ्या जिभेवर. ती येईपर्यंत मी भात खाणार नाही."

तुम्हाला भात म्हणजे ताटातला एक पदार्थ वाटेल. त्या कोकणातल्या होत्या. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. पोळी-भाकरी त्यांना घशाखाली उतरत नसे, त्यात त्यांना पित्ताचा त्रास. आजोबांनी पेपर बाजूला ठेवला.

"आई, हे काय नवीन?"

"उधार घेतलं की तारण ठेवायला लागतं. तू मध्ये बोलू नकोस."

लेक म्हणाली, "आजी, नको. मी चालते."

"तू आता चालायचं नाहीस. मी त्याच्याशी बोललेय." आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा खाली आला. "तुझा हिशेब मिटला. तू मोकळी धाव."

लेक मोकळी झाली का? मला तेव्हा सांगता आलं नसतं. अंगारकीला खालच्या रस्त्याने माणसं टिटवाळ्याकडे निघाली, तेव्हा ती गॅलरीत सायकलवर बसून पाय मारत होती आणि रस्त्याकडे बघत नव्हती. सासूबाईंनी तो पूर्ण उपास केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटात भाकरी.

चाचणीच्या सकाळी ठाण्याच्या मैदानावर मी कडेची दोरी धरून उभी होते. तीन हजार मीटरची शर्यत होती. बाकीच्या मुली सगळा मोसम रस्त्यावर धावलेल्या, लेक खऱ्या जमिनीवर जेमतेम पंधरवडा. सुरुवातीलाच ती मागे पडली. पाय जड पडत होते, जमिनीची सवय गेली होती. मी तिचा चेहरा बघतच नव्हते. फक्त डावं पाऊल. ते टेकतंय, उचलतंय, टेकतंय.

सर ओरडत होते, "हात! हात ओढ!" पाण्यात ओढून ओढून तिचे हात दणकट झाले होते. फेऱ्या सरत गेल्या तशा पुढच्या मुलींचे खांदे वर यायला लागले, तोंडं उघडी पडली. लेकीचा दम मात्र टिकून होता. एकेक करून ती पुढच्यांना गाठत गेली. शेवटच्या फेरीत वळणावर तिचा चेहरा एकदम वाकडा झाला आणि डावं पाऊल तिरकं पडायला लागलं. मी दोरी सोडून पुढे झाले. कोणीतरी मला मागे ओढलं. ती थांबली नाही. पाऊल तिरकंच टाकत तिने शेवटच्या सरळ पट्ट्यात आणखी एकीला मागे टाकलं आणि अंतिम रेषेपलीकडे जाऊन खाली बसली.

मी धावत गेले. गुडघ्यावर बसून बूट सोडला. मोज्यावर रक्त होतं. मी नडगीवर हात ठेवला.

"तिथे नाही, आई. तळव्याला."

तळव्याचं कातडं सोलून निघालं होतं. इतके दिवस पाण्यात राहून तळवे मऊ झाले होते, एका शर्यतीत फोड येऊन फुटले. हाड शाबूत होतं. मी तिथेच मातीत बसले आणि मला हसू यायला लागलं. मग बघितलं तर फाटकाशी तुमचे आजोबा उभे होते, कारखान्याच्या कपड्यांत, जेवणाचा डबा हातात. येणार आहे असं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते जवळ आले, तळवा बघितला आणि तिच्याकडे न बघता सरांना विचारलं, "घेतली का?"

"घेतली. संघातली शेवटची जागा. पण घेतली."

"मग आता?"

"आता राज्य स्पर्धा. त्याआधी शिबिर."

आजोबांनी मान हलवली. "बूट नवीन घ्यावे लागतील," म्हणाले आणि कामावर परत गेले.

आम्ही दुपारी घरी पोचलो. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळं ऐकून घेतलं, तळव्यावर तूप लावलं. मग पानं मांडली. सकाळी निघण्याआधी मीच भात लावून ठेवला होता, तोही त्यांच्या आवडीचा, आंबेमोहोर. आनंदाचा दिवस होता, मला वाटलं त्या घासभर घेतील. मी वाढायला गेले तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

लेकीने आपलं ताटही पुढे केलं नाही. "आजी, अजून किती महिने?"

"शिबिर होऊ दे, स्पर्धा होऊ दे. पाय टणक होऊ दे. मग अंगारकी येईलच." त्यांनी भाकरीचा तुकडा ताकात बुडवला आणि तोंड कडू करून गिळला. "चावायला जरा कठीण जाते, एवढंच. सूनबाई, तिला भात वाढ. माझ्याकडे बघत उपाशी राहिली तर शिबिरात काय धावणार?"

मी लेकीच्या ताटात भात वाढला. ती खाली मान घालून जेवायला लागली, आणि सासूबाई तिचा एकेक घास मोजल्यासारख्या बघत राहिल्या.